जुन्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी आणि भिंतीवरचे मीटर

गेल्या काही वर्षांत बेळगावच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात इलेक्ट्रिक गाड्यांच्या हिरव्या नंबर पाट्या दिसू लागल्या आहेत. जानेवारी २०२० मध्ये काही दिवसांच्या अंतराने आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्ही आणि एमजी झेडएस ईव्ही, पुढे ऑगस्ट २०२१ची टिगोर ईव्ही आणि सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेली टियागो ईव्ही यांचे पहिले मालक आता मोठ्या बॅटरीच्या नव्या गाड्या घेत आहेत, आणि त्यांच्या जुन्या गाड्या केए २२, एमएच ०९ आणि गोव्याच्या पासिंगसह आपल्या भागात विक्रीला येत आहेत. मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये मोजमापाचे काम करतो आणि घरी इलेक्ट्रिक गाडी वापरतो, त्यामुळे नात्यातले किंवा ओळखीचे कोणी अशी गाडी बघायला निघाले की मलाही सोबत नेतात. गाडीपाशी पोहोचल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: रेंज किती देते? विक्रेता एक आकडा सांगतो, डॅशबोर्ड दाखवतो, आणि बोलणे थेट किमतीवर येते.

जुनी डिझेल गाडी घेताना आपल्याकडचा माणूस इतका भोळा नसतो. तो इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावतो, धुराचा रंग बघतो, ऑइलचे झाकण उघडून वाफ येते का ते पाहतो आणि ओळखीच्या फिटरला सोबत आणतो. इलेक्ट्रिक गाडीत धूर नाही, आवाज नाही, म्हणून तपासण्यासारखे काही उरत नाही असा समज होतो, आणि गाडीच्या किमतीचा सर्वांत मोठा भाग असलेली बॅटरी केवळ शब्दावर घेतली जाते.

डॅशबोर्डवरच्या रेंजच्या आकड्याला मी जवळजवळ काहीच किंमत देत नाही. तो आकडा गाडी मागच्या काही किलोमीटरांत कशी चालली त्यावरून काढलेला अंदाज असतो. आदल्या दिवशी मालकाने एसी बंद ठेवून ताशी ४० ने गाडी कॅम्पातल्या रस्त्यांवरून फिरवली असेल, तर तीच बॅटरी दुसऱ्या दिवशी भरघोस रेंज दाखवते. चार्जची टक्केवारीही या बाबतीत उपयोगाची नाही. चार वर्षे वापरलेली बॅटरी पूर्ण भरली की १०० टक्केच दाखवणार, कारण ती टक्केवारी आज उरलेल्या क्षमतेची असते, नव्या गाडीच्या क्षमतेची नव्हे. नवी असताना ३० युनिट मावणाऱ्या बॅटरीत आज २६ युनिट मावत असतील, तर तिची तब्येत, म्हणजे ज्याला सर्व्हिस सेंटरवाले एसओएच म्हणतात ती, सुमारे ८७ टक्के झाली. आपल्याला हा आकडा हवा असतो, आणि तो डॅशबोर्डवर सहसा कुठेच लिहिलेला नसतो.

यावर विक्रेते आता एक स्क्रीनशॉट पुढे करतात. गाडीतल्या ओबीडी पोर्टला, म्हणजे तपासणीचे यंत्र जोडायच्या खाचेला, लावायचे छोटे ब्लूटूथ यंत्र आणि मोबाइलवरचे कार स्कॅनरसारखे ॲप यांच्या साहाय्याने काही गाड्यांतून एसओएचचा आकडा वाचता येतो, हे खरे आहे. परंतु तो आकडा बॅटरीच्या बीएमएसने, म्हणजे तिच्या नियंत्रक संगणकाने, स्वतःच केलेला हिशोब असतो. सॉफ्टवेअर अपडेटनंतर तो बदलू शकतो, दुरुस्तीनंतर नव्याने सुरू होऊ शकतो, आणि गाडी कायम अर्धवटच चार्ज होत असेल तर तो प्रत्यक्षापासून दूरही जाऊ शकतो. शिवाय तो स्क्रीनशॉट याच गाडीचा आहे याची खात्री कोण देणार? अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेऊन त्यांच्या यंत्रावर काढलेला आणि चासी नंबर छापलेला अहवाल निश्चितच अधिक विश्वासाचा असतो, आणि तो मागावाच. तरीही मला स्वतः मोजलेला एक आकडा लागतो, आणि तो मोजण्याचे साधन प्रत्येक घराच्या भिंतीवर हेस्कॉम या वीज कंपनीने आधीच बसवून ठेवले आहे.

विजेचे एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, आणि गाडीच्या बॅटरीची क्षमताही त्याच मापात सांगतात. ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी म्हणजे ३०.२ युनिटांची बॅटरी. तेव्हा गाडी अमुक टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत भरायला मीटरवर किती युनिट पडली हे मोजले, की उरलेली क्षमता काढण्यापुरती शाळेतली त्रैराशिकाची रीत पुरते. यात खुबी एवढीच आहे की भिंतीतून निघालेली सगळी वीज बॅटरीत पोहोचत नाही. गाडीतला चार्जर घरातल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करताना काही वीज उष्णतेत घालवतो, चार्जिंग चालू असताना पंप आणि इलेक्ट्रॉनिक्स काही वीज खातात, आणि साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर हे सगळे मिळून ढोबळमानाने १० ते १५ टक्के जातात.

चुलतभावासाठी निपाणीला नेक्सॉन बघायला गेलो होतो तेव्हाचा हिशोब इथे देतो. गाडी २०२१ची, बॅटरी ३०.२ युनिटांची. मालकाने गाडी रात्रभर आमच्याकडे द्यायला नकार दिला, आणि त्यात गैर काही नव्हते, म्हणून आम्ही चार्जिंग त्याच्याच दारात करायचे ठरवले. संध्याकाळी गाडी १५ टक्क्यांवर आणून ठेवली, गीझर आणि मोटारपंपाचे स्विच बंद करायला सांगितले, आणि फ्रिज तेवढा चालू राहणार असल्याने सॉकेटलाच लावायचे १६ अँपिअरचे युनिट मोजणारे छोटे मीटर मध्ये जोडले. मालकाचे वडील टॉर्च घेऊन घराच्या मुख्य मीटरचे रीडिंग स्वतः टिपून घेत होते आणि मध्येच म्हणाले, "मीटर बघून बॅटरी कळते होय ओ? आमच्या पोराला चार वर्षांत कुणी सांगितलं नाही की!" सकाळी गाडी १०० टक्क्यांवर थांबली तेव्हा छोट्या मीटरवर २५.४ युनिट होती. त्यातून १२ टक्के नुकसान वजा केले तर बॅटरीत २२.३५ युनिट गेली, ती ८५ टक्के भरण्यासाठी गेली, म्हणजे पूर्ण क्षमता सुमारे २६.३ युनिट, आणि नव्या बॅटरीच्या तुलनेत ८७ टक्के. नुकसान १० टक्के धरले तर हाच आकडा ८९ येतो, आणि १५ टक्के धरले तर ८४. याशिवाय कंपनी सांगते ती क्षमता एकूण असते आणि बीएमएस त्यातला थोडा भाग राखून ठेवते, त्यामुळे खरी तब्येत या हिशोबापेक्षा किंचित चांगलीच निघते. म्हणजे या पद्धतीने नेमका आकडा मिळत नाही, एक पट्टा मिळतो. परंतु विक्रेता ९७ टक्के म्हणत असेल आणि आपला पट्टा ८४ ते ८९ असेल, तर एवढेही पुरेसे असते.

हा पट्टा अरुंद करायचा असेल तर एक सोपा उपाय आहे. त्याच मॉडेलची, त्याच बॅटरीची, एक वर्षाच्या आतली गाडी ओळखीत कोणाकडे असेल, तर तीही त्याच टक्क्यांपासून तशाच सॉकेटवर भरून पाहावी. दोन्ही गाड्यांत नुकसानीचे प्रमाण जवळपास सारखेच असल्याने दोन रीडिंगांचे गुणोत्तर थेट तब्येत सांगते आणि आपल्याला काहीही गृहीत धरावे लागत नाही. मशीन शॉपमध्ये मास्टर पीस, म्हणजे अचूक मापाचा नमुना, शेजारी ठेवून जॉब तपासतात, त्यातलाच हा प्रकार आहे. मात्र व्होल्टेज दोन्हीकडे सारखे हवे. खेड्यात संध्याकाळी २०० व्होल्टच्या खाली वीज असेल तर चार्जर सावकाश चालतो, चार्जिंग लांबते, पंप आणि इलेक्ट्रॉनिक्स तेवढा अधिक वेळ वीज खात राहतात, आणि नुकसानीचा वाटा वाढतो.

यात एक अडचण लोहयुक्त बॅटऱ्यांची आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय वरचा हिशोब करू नये. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत, विशेषतः नेक्सॉन, टियागो यांसारख्या टाटांच्या गाड्यांत, एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे सेल असतात. उष्णता आणि वारंवार होणारे चार्जिंग ते चांगले सहन करतात. परंतु त्यांचे व्होल्टेज २० टक्क्यांपासून ८०-९० टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाट, ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपासच राहते. त्यामुळे बीएमएसला मधल्या टप्प्यात व्होल्टेज बघून चार्ज ओळखता येत नाही. आत किती वीज गेली आणि बाहेर किती आली यांची बेरीज-वजाबाकी करत ती टक्केवारी सांगते, आणि त्या हिशोबातली चूक हळूहळू साठत जाते. गाडी पूर्ण भरली की व्होल्टेज झपाट्याने वर चढते आणि तिथे बीएमएसचा हिशोब पुन्हा जुळतो. ज्या मालकाने महिनोन्महिने ८० टक्क्यांवरच चार्जिंग थांबवले, त्याच्या गाडीवरचे १५ टक्के प्रत्यक्षात ८ असू शकतात किंवा २२ असू शकतात. म्हणून मोजणीच्या आदल्या रात्री गाडी एकदा पूर्ण भरून, चार्जिंग आपोआप बंद होईपर्यंत लावून ठेवायला विक्रेत्याला सांगावे, मग ती चालवून खाली आणावी, आणि मग मोजणी करावी. दोन दिवस जातात. ज्याला हे दोन दिवस द्यायचे नाहीत त्याच्याशी व्यवहार करायची घाई मी करत नाही. आठ-दहा लाखांच्या वस्तूसाठी दोन दिवस काही फार नाहीत.

गाडी खाली आणण्यासाठी ती चालवावीच लागते, तेव्हा त्याच फेरीत दुसरी मोजणीही होऊन जाते. ट्रिप मीटर शून्य करावा, एसी एकाच आकड्यावर ठेवावा, बेळगावहून खानापूरला जाऊन त्याच जागी परत यावे. ट्रिपमध्ये सरासरी वापर दाखवलेला असतो. समजा, ५२ किलोमीटरांत तो किलोमीटरला १३८ वॅट-तास निघाला, तर साधारण ७.२ युनिट खर्च झाली; एवढ्यात चार्ज २७ टक्क्यांनी उतरला असेल, तर पूर्ण क्षमता २६.६ युनिट. मीटरचा आकडा आणि हा आकडा जवळपास जुळले की माझे समाधान होते. ते फार वेगळे निघाले तर टक्केवारीच चुकते आहे असे समजून पुन्हा पूर्ण भरण्यापासून सुरुवात करावी लागते.

त्याच जागी परत येणे मात्र अत्यावश्यक आहे, आणि आपल्या भागात तर फारच. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास आहे, आणि कोल्हापूर त्याहून सुमारे दोनशे मीटर खाली. दीड टनांची गाडी दोनशे मीटर उतरते तेव्हा गुरुत्वाकर्षणाने तिला सुमारे ०.८ युनिट फुकट मिळते, आणि चोर्ला घाटाने गोव्यात पार समुद्रकाठापर्यंत गेले तर हा हिशोब ३ युनिटांपर्यंत पोहोचतो, म्हणजे ३० युनिटांच्या बॅटरीचा दहावा हिस्सा. "साहेब, पणजीला गेलो तर चार्ज उतरलाच नाही," असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो, तो फक्त येतानाचा प्रवास सांगत नाही. निपाणीकडचा विक्रेता गाडी दाखवायला बेळगावपर्यंत घेऊन आला असेल तर गोष्ट उलटी होते: तवंदी आणि वंटमुरीचे घाट चढून आलेल्या गाडीने जास्त वीज खाल्ली म्हणून तिची बॅटरी खराब ठरवणे हा तिच्यावर अन्याय होईल.

एकूण क्षमतेइतकेच, किंबहुना माझ्या मते तिच्याहूनही महत्त्वाचे, सेलांच्या व्होल्टेजमधले अंतर आहे. ३२० व्होल्टचा एलएफपी पॅक म्हणजे ३.२ व्होल्टचे शंभर सेल एकापुढे एक जोडलेले. त्यातला सर्वांत कमजोर सेल रिकामा झाला की बीएमएसला सगळा पॅक थांबवावा लागतो, मग उरलेल्या नव्याण्णवांत वीज शिल्लक का असेना. अशी गाडी २० टक्के दाखवत असताना अचानक ताकद कमी करते, किंवा टक्के भराभर उडी मारत खाली येतात. सरासरीने ९० टक्के तब्येत असलेल्या पॅकमध्येही असा एक सेल असू शकतो, आणि पूर्ण क्षमतेच्या आकड्यात तो स्पष्ट दिसतोच असे नाही.

असा सेल एकदा मला पडद्यावर प्रत्यक्ष दिसला. गाडी १४ टक्क्यांवर होती आणि ओबीडीला यंत्र जोडलेले होते. उभ्या गाडीत सर्वांत जास्त व्होल्टेजचा सेल ३.२२ व्होल्ट आणि सर्वांत कमी व्होल्टेजचा ३.१४ व्होल्ट दाखवत होता. या प्रकारच्या पॅकमध्ये एवढ्या खाली थोडे अंतर असतेच, म्हणून तेवढ्यावरून मी काही म्हटले नाही. मग वंटमुरीच्या चढावर मालकाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितला. वरचा आकडा ३.१० वर आला आणि खालचा थेट २.८७ वर गेला, आणि पाय उचलल्यावरही खालचा आकडा सावकाश, मागे रेंगाळत वर आला. प्रत्येक वेळी कमी व्होल्टेजचा सेल तोच होता, एकाच क्रमांकाचा, आणि हीच खूण निर्णायक असते. भार पडला की तोच सेल सर्वांत आधी कोसळत असेल, तर त्याचा अंतर्गत रोध वाढला आहे किंवा त्याची क्षमता घटली आहे. ५० टक्क्यांवर हीच तपासणी केली असती तर सपाट व्होल्टेजमुळे उभ्या गाडीत सगळे सेल एकसारखे दिसले असते. म्हणून ही तपासणी नेहमी १५-२० टक्क्यांच्या खाली आणि पुन्हा अगदी पूर्ण भरल्यावर करावी. मालकाला मी सांगितले की गाडी अजून वॉरंटीत आहे, आधी क्लेम करून घ्या आणि मग विका. त्याला ते पटले.

स्वस्तातले ओबीडी यंत्र प्रत्येक गाडीत चालतेच असे नाही, आणि प्रत्येक मॉडेलचे सेल-व्होल्टेज ॲपमध्ये दिसतातच असेही नाही. न दिसल्यास हीच मागणी सर्व्हिस सेंटरच्या अहवालात करावी: सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी सेल-व्होल्टेज, बॅटरीचे तापमान, जुन्या त्रुटींचे कोड, आणि इन्सुलेशनचा दोष पूर्वी कधी नोंदला गेला आहे का. डॅशबोर्डवर मधूनच येणाऱ्या विचित्र सूचनांनी मात्र लगेच घाबरू नये. पुष्कळदा मोठी बॅटरी ठणठणीत असते आणि १२ व्होल्टची साधी बॅटरी संपत आलेली असते.

बॅटरी कशाने म्हातारी होते हे माहीत असले की मालकाला विचारायचे प्रश्न आपोआप सुचतात. सेलमधल्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर साचत जातो आणि तो थोडे थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. उष्णतेत हा थर झपाट्याने वाढतो, ढोबळमानाने दर १० अंशांना दुपटीच्या वेगाने. गरिबांचे महाबळेश्वर म्हणवणाऱ्या आपल्या गावाचा इथे खरा फायदा आहे. बेळगावात सावलीत उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी, तितक्याच वयाच्या सोलापूर, कलबुर्गी किंवा बळ्ळारीच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षा चांगली निघण्याची शक्यता अधिक असते, म्हणून आरसीवरच्या पासिंगबरोबरच गाडी प्रत्यक्षात कुठे उभी राहत होती हे विचारावे. सुरुवातीची घट जलद होते आणि पुढे ती मंदावते, तेव्हा पहिल्या दोन वर्षांत पाच-सहा टक्के गेलेले पाहून दचकायचे कारण नाही.

कमी किलोमीटर चाललेली गाडी नेहमीच चांगली, हा पेट्रोल-डिझेलचा नियम इथे तसाच लागू पडत नाही. मुलगा परदेशी गेला म्हणून वर्षभर १०० टक्के चार्ज करून शेडमध्ये उभी ठेवलेली गाडी, रोज शहापूर ते औद्योगिक वसाहत ये-जा करणाऱ्या गाडीपेक्षा वाईट असू शकते, कारण पूर्ण भरलेल्या अवस्थेत तो थर अधिक वाढतो. शून्यावर महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी तर मी बघायलाही जात नाही. सेल ठरलेल्या मर्यादेच्या खाली उतरला की आतले तांबे विरघळू लागते आणि पुढच्या चार्जिंगमध्ये ते भलत्या जागी बसून आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो. दिल्ली आणि बेंगळुरूत टॅक्सीसेवा चालवणारी ब्लूस्मार्ट एप्रिल २०२५ मध्ये बंद पडली तेव्हा हजारो गाड्या अशाच उभ्या राहिल्या, आणि पुढे त्यांतल्या काही स्वस्तात विकल्या गेल्या. व्यावसायिक गाडीच्या हिरव्या पाटीवर अक्षरे पिवळी असतात आणि खासगी गाडीच्या पाटीवर पांढरी. पाटी बदलता येते, पण आरसीचा इतिहास बदलत नाही, म्हणून गाडी पूर्वी टॅक्सी म्हणून नोंदली होती का ते जरूर पाहावे.

डीसी फास्ट चार्जिंगची भीती आपल्याकडे जरा अधिकच बाळगली जाते, असे माझे मत आहे. बॅटरी द्रवाने थंड होणारी असेल, तर महामार्गावर अधूनमधून केलेल्या फास्ट चार्जिंगने विशेष बिघडत नाही. काही छोट्या गाड्यांत बॅटरी केवळ हवेवर थंड होते, तिथे मात्र रोजच्या फास्ट चार्जिंगबद्दल अवश्य विचारावे. शक्य असेल तर महामार्गावरच्या एखाद्या चार्जरवर गाडी २० टक्क्यांपासून लावून थोडा वेळ थांबावे आणि पडद्यावरचे किलोवॅट बघावेत. २०२०च्या नेक्सॉनसाठी कंपनीने शून्य ते ८० टक्क्यांना साठ मिनिटे सांगितली होती. चार्जर चांगला असूनही गाडी त्याच्या दुप्पट वेळ घेत असेल, तर बॅटरी तापते आहे किंवा एखादा सेल तिला मागे ओढतो आहे.

आता पुराबद्दल. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णीत महामार्गावर आले होते आणि पंचगंगेने कोल्हापूरजवळ शिरोलीला तोच महामार्ग अडवला होता. चिक्कोडी, शिरोळ, सांगली भागातल्या किती गाड्या त्या पाण्यात उभ्या होत्या हे विक्रेत्याने सांगितल्याशिवाय कळत नाही. बॅटरीच्या पेटीला आयपी ६७ दर्जा असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची चाचणी तिने उत्तीर्ण केलेली असते; दोन दिवस पुरात राहण्याची हमी त्यात नसते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पट्ट्यावर मातीची रेघ आहे का ते बघावे, कार्पेट उचलून बघावे, आणि विमा कंपनीकडे पूर्वी क्लेम झाला आहे का याची माहिती पॉलिसी नंबरवरून मागवावी.

गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय मी होकार देत नाही. उद्यमबागेत व्हील अलाइनमेंटच्या दुकानात थोड्या पैशांत हे काम होते. बॅटरीच्या पेटीचा तळ गाडीखाली मोठ्या सपाट पत्र्यासारखा दिसतो. जांबोटीकडच्या रस्त्यांवरून आलेल्या गाडीवर ओरखडे असणारच, त्यांचे काही नाही. परंतु पत्रा आत दबलेला असेल, कडेचे बोल्ट उघडल्याच्या खुणा असतील, नारिंगी रंगाच्या हाय व्होल्टेज केबलचे आवरण खरचटलेले असेल किंवा कुलंटच्या पाइपाच्या जोडावर वाळलेला डाग असेल, तर तिथेच थांबावे. फोटो काढून सर्व्हिस सेंटरला दाखवावेत. आघाताने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, आणि खरा प्रश्न तोच असतो.

वॉरंटीचे गणित सोपे आहे, तरी लोक ते विसरतात. नेक्सॉनच्या सुरुवातीच्या गाड्यांना बॅटरीसाठी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत होती. २०२०च्या सुरुवातीला नोंदलेल्या गाडीची मुदत २०२८च्या सुरुवातीला संपते. ती तुम्ही घेतल्या दिवसापासून मोजली जात नाही. महिंद्रा बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई यांसारख्या गाड्यांना आजीवन बॅटरी वॉरंटी असल्याचे आपण ऐकतो, पण ती पहिल्या खासगी मालकापुरती आहे. दुसऱ्या मालकाला मर्यादित मुदतच मिळते. काही कंपन्या क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तरच बॅटरी बदलून देतात. म्हणून चासी नंबर देऊन किती मुदत उरली आहे, मालक बदलल्यावर ती चालू राहते का, कोणत्या टक्क्याखाली क्लेम बसतो आणि पूर्वी बॅटरी बदलली असल्यास बदललेली बॅटरी नवी होती की दुरुस्त केलेली, हे सर्व्हिस सेंटरकडून ईमेलवर लिहून घ्यावे. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसरबरोबर बॅटरी भाड्याने घेण्याची योजना आली. तशी गाडी जुनी घेताना आरसीवरचे हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाची नोंद, आणि बॅटरीचा करार दोन्ही पाहावेत, नाहीतर गाडी आपली आणि बॅटरी दुसऱ्याची, अशी स्थिती होईल.

किमतीत एकेका टक्क्यासाठी घासाघीस करण्यात मला अर्थ वाटत नाही. चार-पाच वर्षांच्या गाडीची तब्येत ८५ ते ९० टक्के असेल, सेलांत अंतर नसेल आणि वॉरंटी दोन वर्षांहून अधिक उरली असेल, तर ती चांगली गाडी आहे, आणि तिचा बाजारभाव द्यावा. ८० टक्क्यांच्या आसपासची गाडी केवळ गावात फिरणाऱ्याला चालते, पण कोल्हापूर किंवा हुबळीला एका दमात जाऊन यायचे असेल तर घेऊ नये. कमजोर सेल, दबलेला तळ किंवा पुराचा संशय असेल, तर मग कितीही स्वस्त असली तरी नको.

इसार देताना कागदावर त्या दिवशीचे किलोमीटर, मोजलेली युनिट आणि सेल-व्होल्टेज लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि सर्व्हिस सेंटरचा अहवाल प्रतिकूल आल्यास इसार परत मिळेल हेही त्यातच लिहावे. दुसऱ्या राज्याच्या पासिंगची गाडी असेल तर फॉर्म २८ वरच्या एनओसीपासून सगळी प्रक्रिया करावी लागते, बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी इकडे ठेवायची तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि या कागदपत्रांत काही आठवडे सहज जातात. त्या काळात गाडी बहुधा विक्रेत्याच्याच दारात असते. ती ५० टक्क्यांच्या आसपास चार्ज ठेवून सावलीत उभी करायला सांगावी, चार्जरला सतत जोडून ठेवू देऊ नये, आणि ताबा घेताना किलोमीटरचे रीडिंग इसारपावतीवरच्या आकड्याशी ताडून पाहावे.